आई खाली बसली

आहारतज्ज्ञ बाईंनी आमच्या वजनदार घराला सांगितलं, "काही सोडू नका. आजी-आजोबा खायचे तेच खा. फक्त त्यांच्यासारखं जमिनीवर बसून, सगळ्यांनी एकत्र."

बाबा बसले, दादा बसला, मी बसले. वाढून झाल्यावर आईही बसली आणि म्हणाली, "माझे गुडघे धरले. आता मला कोणी उठवू नका."

पातेलं राहिलं ओट्यावर, चार पावलांवर. बाबांनी दादाकडे पाहिलं, दादानं माझ्याकडे, मी पातेल्याकडे. बाबांनी बसल्या जागेवरून काठीनं ते ओढून पाहिलं, तर भिंतीवरचं घड्याळ खाली आलं. उठायचं मात्र कोणालाच सुचलं नाही. रोज हात वाळवत बसायचो.

दोन महिन्यांत बाबांची पँट कमरेवर टिकेना. "जुन्या पद्धतीत दम आहे," ते येईल त्याला सांगत सुटले.

काल मी ऑफिसातून लवकर आले, तर आई स्टुलावर चढून पंखा पुसत होती. मला पाहून तिनं टुणकन खाली उडी मारली.

"आणि गुडघे?" मी विचारलं.

"बाबांना सांगू नकोस," ती म्हणाली. "त्यांचं अजून पाच-सहा किलो उतरायचंय, आणि मी आत्ता कुठे गरम जेवायला लागलेय."