निळा पत्रा

"ताई, निळा पत्रा म्हणजे आकाश नव्हे," प्राध्यापक म्हणाले.

रंगमंचाच्या विंगेत दुपारची सामसूम होती. संध्याकाळच्या स्मृतिकार्यक्रमाला अवकाश होता. एक तंत्रज्ञ गुडघ्यांवर बसून वायरी चिकटपट्टीने जमिनीला डकवत होता. दिव्यांच्या बटणांच्या फळ्याशेजारी दिवंगत गायकाची बहीण डबा उघडून बसली होती. गायक तिला ताई म्हणत असे, म्हणून आता त्याचे सगळे चाहते म्हणत. तिच्याहून वयाने मोठे असलेले प्राध्यापकही. तिने डब्याचे झाकण पुन्हा लावले.

त्या रॉक गायकाच्या शेवटच्या गाण्यावर प्राध्यापकांनी ग्रंथ लिहिला होता. गाण्याच्या ओळी तीन, बाकी सगळी गिटार. ग्रंथाची पाने तीनशे. विद्वत्तेच्या प्रांतात एवढे प्रमाण सभ्य मानले जाते. 'निळ्या पत्र्यावर तुझा उजेड. मी खाली, तू वर. मालवलास दिवा, तरी तू आहेस.' पत्रा म्हणजे आकाश, उजेड म्हणजे कृपा, आणि मालवलेला दिवा म्हणजे भक्ताची परीक्षा पाहण्यासाठी तोंड फिरवलेला ईश्वर, असे त्यांनी सिद्ध केले होते. सिद्ध केले म्हणजे तळटीपा दिल्या होत्या. चाहत्यांनी ग्रंथ डोक्यावर घेतला. तेव्हापासून दरवर्षी तिसऱ्या ओळीला प्रेक्षागृहातले सगळे दिवे जात, आणि काळोखात उभी राहिलेली हजारभर माणसे हळू, एका आवाजात म्हणत: तू आहेस. बटण दाबण्याचा मान बहिणीचा.

काल संध्याकाळी प्राध्यापक नव्या आवृत्तीसाठी छायाचित्र घ्यायला तिच्या जुन्या घराकडे गेले होते. समोरच्या फुटपाथवर उभे राहून त्यांनी वर पाहिले. तळमजल्यावरच्या गॅरेजला उतरता पत्रा होता. निळा. वरच्या, एकेकाळी तिच्या असलेल्या खिडकीत कोणा परक्याने दिवा लावला, आणि ग्रंथातले चार पानांचे आकाश त्या पत्र्यावर येऊन पडले.

हे त्यांनी तिला वर्गात सांगावे तसे, क्रमाने सांगितले. त्यांचा आवाज चढला नाही. संतापले की तो उलट खाली जाई. आज गाण्याआधी आपण हे सगळे व्यासपीठावरून सांगणार आहोत, असे ते म्हणाले. एक माणूस थंडीत उभा राहून आत घ्या म्हणत होता, आणि आपण त्याला संत करून टाकले. संत केले की दार उघडावे लागत नाही. या पुण्यकर्मात पहिला हात आपला होता, तेव्हा तो मागे घेण्याचे कामही आपलेच.

"अजून निळाच आहे का तो?" तिने विचारले.

"रंग उडालाय. पण कळतो."

तिने डबा पिशवीत ठेवला. मग प्राध्यापकांनी तो प्रश्न विचारला, जो विचारण्याचा अधिकार कोणत्याही ग्रंथाने कोणाला दिलेला नाही: भाऊ खाली उभा असताना तिने पडदा ओढून घेतला होता का?

"पडदा नाही, दिवाच मालवला. पडदा ओढला असता तर घरात कुणीतरी आहे, हे कळलं असतं त्याला."

बाकीचे तिने सपाट आवाजात सांगितले. ती चष्म्याच्या दुकानात कामाला होती. गिऱ्हाइकाला नंबर सांगावा, तसे. तो नशेत येई. आला की घरातली एखादी वस्तू जाई, आणि मग नवऱ्याशी आठवडाभर अबोला. त्या रात्री मात्र त्याने हाक मारली नाही, शीळही घातली नाही. नुसता वर बघत उभा होता. ती काळोखात खिडकीमागे उभी होती. त्याला ती दिसत नव्हती. तरी तो तिच्याकडेच बघत होता. कोण आधी हलले ते तिला आठवत नव्हते. पुढच्या आठवड्यात त्याने गाणे ध्वनिमुद्रित केले, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत तो बसस्थानकाच्या बाकावर मेलेला सापडला. गाणे तिने पहिल्यांदा ऐकले ते दुकानातल्या रेडिओवर, हातात कोणाचा तरी चष्मा असताना.

मग दरवर्षी इथे येऊन हे बटण का दाबता, असे प्राध्यापकांनी विचारले. पहिल्या वर्षी नाही म्हणायला कारण सुचले नव्हते, ती म्हणाली. नंतर तिने त्यांचा ग्रंथ वाचला. काळोख झाला, माणसे बोलू लागली, की ती त्यातले एक पान मनात धरून बसते: हे देवाला चालले आहे, मला नाही.

"तुमचं पुस्तक पाठ आहे मला, सर. दिवे परत लागेपर्यंत विश्वास बसतो त्याच्यावर."

प्राध्यापकांच्या ग्रंथाला पुरस्कार मिळाले होते. असा वाचक मिळाल्याचे त्यांना आजच कळत होते. तरीही त्यांनी सत्याची बाजू मांडून पाहिली. तिच्या भावाचाही काही हक्क आहे, ते म्हणाले. त्याने आकाशाला हाक मारली नव्हती.

"त्या गाण्यात तुम्ही आहात, ताई."

"ते मला तुमच्या आधीपासून माहीत आहे."

तंत्रज्ञाने रंगमंचावरून हाक दिली: सर, माइकवर दोन शब्द बोलून बघता का, आवाज लावून घेतो. प्राध्यापक जागचे हलले नाहीत. खिशातली भाषणाची घडी त्यांनी बाहेर काढली होती; ती उघडावी की आत ठेवावी, हे त्यांना ठरवता येईना.

"मग मी आज काय सांगू?"

"देवच सांगा," ती म्हणाली. "त्याच्यावरच राहू द्या. वर असूनही गप्प राहायची त्याला सवय आहे. मला अजून नाही झाली."