मागून बसलेली गाडी

नोकरीसाठी दूर निघालेल्या लेकीची गाडी सामानाने भरलेला ट्रेलर जोडताच मागून बसली. आमच्या ह्यांचं आयुष्य गॅरेजमध्ये गेलंय. टेप लावून म्हणाले, "चार इंच खाली गेलीये. स्प्रिंगा बदलाव्या लागतील. यायला तीन दिवस."

"बरं बाबा," म्हणत तिनं बॅग परत घरात आणली.

दुसऱ्या दिवशी आम्ही मायलेकी चहा घेऊन गॅरेजमध्ये गेलो. एका गिऱ्हाइकाची गाडी अगदी तशीच बसली होती. हे त्याला सांगत होते, "जड सामान सगळं ट्रेलरच्या पुढच्या टोकाला भरलंत, त्याचा भार गाडीवर येतोय. मागे चाकांवर सरकवा. स्प्रिंगाबिंगा काही नकोत, दहा मिनिटांचं काम."

वळून पाहतात तर दारात लेक. हे कान खाजवायला लागले.

"बाबा, स्प्रिंगा निघाल्या का तिकडून?"

"येतील उद्या-परवा."

"येऊ देत सावकाश."

मी कपांत चहा ओतला. ट्रेलर कसा भरायचा हे ह्यांनी तिला सातवीतच शिकवलंय. तरी पुस्तकांची सगळी खोकी तिनं पुढच्या टोकाला रचली, आणि एकेक खोकं मीच उचलून देत होते.