दहा आकडी मूळ संख्या

सकाळी सव्वासातला फोन लागला.

भांडून घर सोडलेल्या रुद्रेशचा नंबर अणदूरचे ईरण्णा गुरुजी वर्षभर रोज याच वेळेला लावत होते, आणि रोज तो बंद असायचा. जन्मभर शाळेत गणित शिकवलेला माणूस. हाताला चाळा म्हणून त्यांनी पोराच्या त्या दहा आकडी नंबरला दोनापासून एकेका मूळ संख्येनं भाग देऊन पाहायला घेतलं. वर्गमुळापर्यंत पोचायला वर्ष गेलं. शेवटचा भागाकार काल संध्याकाळी झाला, आणि तिथंही बाकी उरलीच.

"मूळ संख्या निघाली," ते तेव्हाच बायकोला म्हणाले. "एक आणि ती स्वतः. दुसऱ्या कुणाचा भागच जात न्हाय."

"पोराचा पत्ता न्हाय, अन् ह्यांचं भागाकार चाललंय," शिवगंगाबाई तूर निवडत म्हणाल्या. मग थोड्या वेळानं त्यांनीच विचारलं, "चांगली असती का तसली संख्या?"

"चांगली-वाईट न्हाय. एकटी असती."

आता पलीकडं रिंग वाजली आणि कुणीतरी फोन उचलला.

"रुद्रेश?" गुरुजी म्हणाले. "रुद्रेश, बाळा..."

"राँग नंबर, काका," एक मुलगी म्हणाली. "हे सिम मी कालच धाराशिवला नवीन घेतलंय."

पोराचं नाव ऐकून शिवगंगाबाई पदराला हात पुसत धावत बाहेर आल्या.



"द्या की हिकडं," त्या हात पुढं करून म्हणाल्या, "मला बोलू द्या त्याच्याशी."