पट्ट्याचं दुसरं टोक

अंगणात नव्या पिकअपमागे फावडं, टायरचा पंप, चिखलात चाकाखाली घालायच्या फळ्या आणि गाडी ओढायचा पट्टा मांडून रणधीर ऐटीत उभा होता. उद्या जंगलातली पहिलीच कच्ची वाट होती.

"गाडी रुतली, की हा पट्टा लावायचा," त्याने बायकोला समजावलं. "एक टोक आपल्या गाडीला, दुसरं दुसऱ्या गाडीला."

"ती दुसरी गाडी कुरिअरने येणारेय का, अहो?" कडेवरची लेक सावरत केतकीने विचारलं.

रणधीरचा चेहरा उतरला. ओळखीत अशा वाटेवर चालणारी जीप एकच होती, थोरल्या भावाची. "तुला असली गाडी झेपणार का," असं दादा पाहुण्यांसमोर म्हणाला, तेव्हापासून त्यांचं बोलणं बंद होतं.

"मी विचारते भावोजींना. तुमचा रुसवा राहू दे, छान दिसतो."

रणधीरने उगाच पट्ट्याची घडी घातली आणि शेवटी स्वतःच फोन लावला.

"दादा, उद्या जंगलात येतोस? एकट्याने जायची भीती वाटते."



"येतो," दादा म्हणाला. "पण पुढं मी राहणार. लहानपणीही तू बघून चालला नाहीस."

त्या टोमण्याने रणधीरला इतकं बरं वाटलं, की भांडायचंच राहून गेलं.