लाकडाचं दुसरं टोक

"बाबा! एक मिनिट या ना, प्लीज! हे दुसरं टोक धरा!"

"आलो, आलो," आतल्या खोलीतून गुरुनाथांचा आवाज आला. ते काही आले नाहीत.

आर्यने दात-ओठ खाल्ले. फायरप्लेसच्या वरची भिंत त्याने सकाळीच चौकोनी कापून उघडी केली होती. टीव्ही जिथे हवा, नेमकं तिथेच पातळ भिंतीच्या आत वजन पेलायला एकही उभं लाकूड नव्हतं. एक पार डावीकडे, एक पार उजवीकडे, मध्ये नुसती पोकळी. आता त्या दोघांमध्ये जाड आडवी लाकडं बसवायची, भिंत बंद करायची आणि मग टीव्ही. त्याने पाहिलेल्या व्हिडिओतला माणूस हे हसत हसत करत होता. दुसरं टोक धरायला त्याची बायको उभी होती, हे आर्यच्या फार उशिरा लक्षात आलं.

आणि हा सगळा खटाटोप बाबांसाठीच. आई गेल्यावर त्याने त्यांना न्यू जर्सीतलं पिस्कॅटवेचं घर विकायला लावून इथे आपल्या घरी अ‍ॅशबर्नला आणलं. तेव्हापासून त्यांचं एकच पालुपद, "मी नागपूरला दिनूकडे राहतो रे." त्यांच्या धाकट्या भावाकडे! हृदयात स्टेंट, आणि म्हणे नागपूर! आई गेली, आता हेही लांब गेले तर? त्यावर त्याने हा उपाय काढला होता. भिंतीवर मोठा टीव्ही, समोर त्यांची आरामखुर्ची, संध्याकाळी मॅच. माणूस रमला की जायचं नाव काढणार नाही.

हातातलं लाकूड सटकलं आणि थेट पायावर पडलं.

"डॅम इट!"

आता मात्र बाबा दारात आले. "लागलं का रे?"

"नो. जस्ट हे धरा."

त्यांनी टोक धरलं. आर्यने घाईघाईने स्क्रू पिळले. पहिलं लाकूड एकदाचं बसलं. बाबांनी त्यावरून हात फिरवला.

"छान करतोयस. आर्य, तुला एक सांगायचं होतं..."

"नंतर, बाबा."

"नंतर राहून जाईल."

"बाबा, मॅचच्या आधी मला हे संपवायचंय! गराजमधून लांब स्क्रूंचा डबा आणता का प्लीज?"

बाबा मान हलवून आत गेले. गराजकडे नव्हे, आत! आर्यने कपाळाला हात लावला. जन्म न्यू जर्सीतला असला तरी मराठी त्याला सगळं समजत होतं. बाबा समजत नव्हते.

आत कपाटावरून काहीतरी जड उतरवल्याचा आवाज झाला. आता कसली आवराआवर? पाठोपाठ देव्हाऱ्यातली घंटा वाजली. भर दुपारी पूजा!

"बाबा, स्क्रू!"

"आलो, आलो."

फ्रिजचं दार उघडलं. चमचा वाजला. दुसरं लाकूड खांद्याने भिंतीला दाबून, शिडीवर वेडावाकडा उभा राहून आर्यने मनातल्या मनात पितृभक्तीचे तीन तेरा वाजवले. मागे बुटांचा आवाज आला. घरात कुणी बूट घातले की ओरडणारे हेच बाबा! गराजमध्ये गारठा असेल म्हणून घातले असतील. निघाले एकदाचे.

पाठीवर हात पडला, जरा जास्तच वेळ राहिला.

"घट्ट बसव हं. येतो मी."

"हो, पण लवकर या!" आर्य मान न वळवता म्हणाला. दार लागलं.

खांदा बधिर झाला. शेवटी त्याने टोकाखाली झाडूचा दांडा लावला आणि आखूड स्क्रूंनीच कसंबसं भागवलं. भिंतीला लाथ घालावीशी वाटत होती.

त्याची बायको इशिता ऑफिसमधून आली तेव्हा तो जमिनीवर धूळ खात बसला होता.

"बाबा कुठेत?"

"गराजमध्ये. स्क्रू आणतायत. अजून! किती हाका मारल्या यार, दर वेळी कमिंग, कमिंग. येत कुणीच नाही."

"गराजमधूनच आले मी. तिथे कुणी नाहीये." इशिताने सिंकजवळची वाटी उचलली. "हे दही-साखर कुणी खाल्लं? खोकल्यामुळे बाबा तर दह्याला हात लावत नाहीत."

आर्यने खांदे उडवले. ती बाबांच्या खोलीत डोकावली आणि तिथेच थबकली. पुण्यात वाढलेली मुलगी. परत आली तेव्हा वाटी हातातच होती.

"आर्य, नीट आठव. शेवटी काय म्हणाले ते? 'आलो' म्हणाले की 'येतो'?"

"येतो," आर्य वैतागून म्हणाला. "सेम थिंग, ना?"