मागच्या चाकाची उडी

गाडीने पुन्हा तशीच उडी घेतली. ऋषिकेशने ॲक्सिलरेटरवर पाय दाबला, इंजिन गुरगुरलं आणि मागची दोन्ही चाकं जागच्या जागी धडधडा नाचली. मग कुठे गाडी सुटली. रस्त्याकडेला उकिडवा बसून नरेश चाकाचा व्हिडिओ काढत होता. त्याने हात वर केला.

"बस झालं, ऋष्या. घे आत."

ऋषिकेशची आई, आनंदीबाई, गॅरेजच्या बाकड्यावर दूर्वांची जुडी घेऊन बसल्या होत्या. आज संकष्टी. कडावहून महडच्या गणपतीला निघालेली गाडी वाटेतच उड्या मारायला लागली, म्हणून चौकच्या रस्त्याला नरेशच्या गॅरेजवर थांबणं आलं. नरेश ऋषिकेशचा शाळेपासूनचा सोबती. आजूबाजूच्या फार्महाउसवाल्यांच्या मोठ्या गाड्या त्याच्याकडे यायच्या त्या ऋषिकेशच्या शब्दावर. गॅरेजच्या तोंडाशीच नरेशच्या बायकोची, उज्वलाची, वडापावची हातगाडी होती.

नरेशने चाकांतली हवा मोजली. बरोबर होती. डिकीवर दोन्ही हातांनी भार देऊन सोडला. गाडी खाली गेली, वर आली, गप्प राहिली. म्हणजे शॉकअपही ठीक. मग त्याने मागची बाजू जॅकवर चढवली, खाली शिरला आणि चाकाला धरणाऱ्या लोखंडी दांड्याच्या सांध्यात टॉमीची लोखंडी सळई घालून रेटली. दांडा खळकन हलला.

"सापडलं," तो खालूनच म्हणाला. "इथलं रबर गेलंय. तुझ्या गाडीची सगळी ताकद मागच्या चाकांत. चाक पुढं पळाया बघतं, आन् ह्या रबरानं त्याला आवरून धरायचं. रबर मेलं की चाक पुढं जातं, मागं येतं, नाचाया लागतं."

"अरे, दिवाळीत तर नवीन बसवलंस तू!"

नरेश सरपटत बाहेर आला. खरवडून काढलेला रबराचा तुकडा त्याच्या तळहातावर होता. बोटाने दाबला तर तो भिजलेल्या पावासारखा दबला. त्याने तो नाकाशी नेला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"तेल पिऊन फुगलंय हे. इंजिनाचं नाय, खायचं तेल हाय."

"खायचं?" ऋषिकेशने हातगाडीकडे पाहिलं. कढईत वडे फुलत होते. "म्हणजे बायकोला वडे तळू लागायचं, आन् त्याच हातानं माझी गाडी खोलायची? नऱ्या, परवा भिवपुरीच्या वळणावर ही आडवी झाली. मागं समिधा बसली होती. माझी पोरगी!"

"मी रबर साबणाच्या पाण्यानं बसवतो, ऋष्या. तेलानं रबर मरतं, हे काय मला ठाऊक नाय?"

"मग आभाळातून पडलं व्हय? आजच फार्महाउसवाल्यांच्या ग्रुपवर टाकतो. नेरळपासून खालापूरपर्यंत एक गाडी तुझ्या दारात थांबली तर सांग मला."

उज्वलाचा झारा कढईवरच थांबला.

त्या रबराचा वास बाकड्यापर्यंत आला होता. तिळाचं तेल. आनंदीबाईंनी दूर्वांची जुडी पदराखाली घेतली. गाडी घरी आली त्या दिवशी त्यांनी पुढे कुंकवाचं स्वस्तिक काढलं, तर ऋषिकेश सगळ्या आळीसमोर ओरडला होता, "परत गाडीला हात लावशील तर याद राख!" पण पोराचं वेड्यासारखं गाडी हाकणं बघून त्यांच्या जिवाला चैन पडेना. दर शनिवारी मारुतीला तेल घालून आल्या की वाटीत उरलेलं त्या गाडीच्या मागच्या चाकाला वाहत. सगळी ताकद तिथे असते, हे पोरानेच कौतुकानं सांगितलेलं. वरून घातलं तर डाग दिसला असता. म्हणून हात आत घालून, सांध्यावर, कुणाला दिसणार नाही असं. डोळे मिटून. माझ्या लेकराला सांभाळ रे बाबा, म्हणत.

नरेश वळला आणि बाकड्यासमोर येऊन उभा राहिला. त्याचा चेहरा एकदम सैल झाला होता, बुडत्याच्या हाताला काठ लागावा तसा.

"ऋष्या, गाडी तुमच्या अंगणात असते. मावशीला इचार, कोण हात लावतं तिला. मावशीच्या तोंडून खोटं निघालेलं मी तरी कधी ऐकलं नाय. ती म्हणंल ते मला कबूल."

"बोल गं आई," ऋषिकेश म्हणाला. "कोण येतं गाडीपाशी?"

आनंदीबाईंनी मुलाकडे पाहिलं. आज तो आपण होऊन म्हणाला होता, चल आई, देवाला नेतो. गाडी आल्यापासून पहिल्यांदाच. संकष्टीचा उपास, सकाळपासून पाण्याचा घोटही घेतला नव्हता. त्यांनी पदर सावरला.

"आपल्या अंगणात कोण येतंय रं बाबा," त्या हळू म्हणाल्या. "कोणच नाय हात लावत."

ऋषिकेशने हात झटकले. उज्वला तावातावाने पुढे आली, पण नरेशने मान हलवून तिला मागे सारलं. तो मावशींकडे बघत होता. रागाने नाही. मावशी खोटं बोलायच्या नाहीत. मग त्याने आपले दोन्ही हात उलटेसुलटे करून पाहिले, सावकाश नाकाशी नेले आणि वास घेतला.