घरंदाज

वारलेल्या सवतीच्या नावाचा चांदीचा टाक नव्या सुनेच्या गळ्यात बांधताना सासूबाई म्हणाल्या, "आमच्याकडची रीतच आहे ही. घरंदाज बाई सवतीचाही मान राखते."

तिला आई आठवली. "बिजवर असला म्हणून काय झालं? स्थळ घरंदाज आहे," एवढ्या एका शब्दावर आईनं लग्न ठरवलं होतं.

दुपारी भाजी चिरताना ती गुणगुणली, तर सासूबाई म्हणाल्या, "घरंदाज घरात बायकांचा आवाज उंबऱ्याबाहेर जात नाही हो." तिनं आईला फोन लावला, तेव्हा त्यांनी तो अलगद काढून घेऊन कपाटात ठेवला. "घरंदाज सुना उठसूट माहेरी फोन करत नाहीत."

दिवेलागणीला ती देवापुढं वाकली, तेव्हा समईचा उजेड गळ्यातल्या टाकावर पडला. त्यावर दोन बायका कोरलेल्या होत्या.

"आम्हाला तर एकच सांगितली होती," ती कशीबशी म्हणाली.

"दोघीही फार घरंदाज," सासूबाई वाती वळत म्हणाल्या. "शेवटपर्यंत हूं की चूं केलं नाही. शेजाऱ्यांनासुद्धा काही कळलं नाही."

फाटकाशी नवऱ्याची गाडी थांबली. सासूबाई उठल्या आणि एकेक खिडकी लावून घेऊ लागल्या.